मामाजी गाडीत बसत नाहीत

सोमवारी सकाळी माझी बायको सुमन भाजी आणायला गेली. रस्ता ओलांडताना मोटारीने तिला धडक दिली. दुपारी दवाखान्यात तिने प्राण सोडला. तेव्हापासून मी मोटारीत बसणे सोडले.

मोटारींशी माझे भांडण मात्र त्या सोमवारचे नाही, ते जुने आहे. नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करतो, आणि शहरे मोटारींवाचून कशी चालतील याचा मला नाद आहे. फुटपाथ किती रुंद हवा, चौकात दुपारची सावली कुठे पडते, म्हातारे माणूस न घाबरता घरून बाजारापर्यंत पायी जाऊ शकते का, हे मी रस्त्यावर उभा राहून पाहतो. सुमन बरोबर असायची. "लोकं बघून राह्यले, आवरा आता," म्हणायची. आम्ही गाडी कधी घेतली नाही. तरी लग्नाकार्याला पाहुण्यांच्या गाडीत बसत होतो. सोमवारनंतर तेही सुटले.

आणखी एक गोष्ट सुटली, बसणे. मला बसवत नाही. पुस्तक उघडले की अर्ध्या पानावर उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो, तीच ओळ पुन्हा वाचतो. म्हणून दिलीपचा फोन आला तेव्हा मी उभाच होतो.

दिलीप सुमनचा धाकटा भाऊ. सावली तालुक्यातल्या एका खेड्यात वडिलांबरोबर राहतो, सावलीत त्याचे कृषी केंद्र आहे. त्याच्या वडिलांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणतो. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला डायलिसिस लागते.

"भाऊजी, तुमी एकदा या," दिलीप म्हणाला. "बाबा ऐकून नाई राह्यले. त्याईच्यासाठीच गाडी घेतली मी, जुनी हाये पण चांगली हाये. महिना झाला, अंगणात उभी हाये. बसतच नाईत."

"का?"

"का म्हंजे! म्हणते, ज्या वस्तूनं पोरगी नेली त्यात मी बसत नाई. जावई बसतात काय? नाई न? मंग मी काऊन बसू? येष्टीनंच जाईन म्हणते. आता बसच्या पायरीवर पाय चढून नाई राह्यला. मांगच्या हप्त्यात डायलिसिस चुकवली. डाक्टर म्हणते, असंच केलं त फुप्फुसात पाणी भरन."

मी खिडकीपर्यंत गेलो, परत आलो.

"तुमचं नाव घेते न ते. तुमीच सांगा त्याईले."

माझ्या न बसण्याचा आधार घेऊन एक माणूस मरायला निघाला होता, आणि तो सुमनचा बाप होता. मी निघालो.

चंद्रपूर

नागपूरहून सावलीकडे जवळचा रस्ता आहे. मी रेल्वेने चंद्रपूरवरून गेलो. मामाजींना काय सांगायचे ते माझे ठरले नव्हते, त्यामुळे पोचायची घाई नव्हती आणि घरी थांबवतही नव्हते. एक रात्र चंद्रपुरात काढली आणि सकाळी परकोटाच्या कडेने चालायला निघालो.

माझ्यासारख्या माणसाने चंद्रपूर पाहावे. गोंड राजांनी बांधलेला हा दगडी कोट अजून शहराला धरून उभा आहे, आणि जटपुरा गेटच्या कमानीतून अख्ख्या शहराला आत-बाहेर करावे लागते. सकाळी तिथे मोटारी एकमेकींच्या मागे तटून उभ्या असतात आणि त्यांच्या बाजूने सायकलवाले, शाळकरी मुली, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया सहज निघून जातात. मला ते पाहून बरे वाटले. हवा मात्र कोळशाची. नाक पुसले की रुमालावर काळे उमटते.

गेटजवळच्या गाडीवर तर्री-पोहे खाल्ले. शेजारी उभा असलेला गृहस्थ हॉर्नना कंटाळला होता.

"हे गेट रुंद करा लागते," तो मला म्हणाला. "नाईतर या शहराचं काई खरं नाई."

"गाड्या कमी केल्या तर?"

"करा न. पहिले तुमची विकून टाका."

"माझ्याकडे गाडी नाही."

"हां, मंग तुमचं काय जाते बोलाले!" तो म्हणाला, आणि पोहेवाला तर्रीचा पळा हातात धरून हसला. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर आले. मूल गावाच्या बसमध्ये बसल्यावरही ते गेले नाही.

फाट्यापासून आत

मूल ओलांडले की धानाचा मुलूख. कापणी होऊन गेली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, पेंढ्यांचे पुंजणे रचून उभे होते आणि कापलेल्या धानाच्या खुंटांतून लाखोळीच्या डाळीचे पीक हिरवे वर आले होते. मधूनच जंगल रस्त्याला येऊन टेकते, मग पुन्हा शेत. मागून आलेल्या एका जीपने रात्रीच्या नाटकाची जाहिरात ओरडत आमच्या बसला मागे टाकले. या भागात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके चालतात.

सावलीच्या अलीकडे फाट्यावर उतरलो. दिलीप घ्यायला येणार होता, पण गाडी घेऊन येईल या भीतीने मी त्याला वेळच सांगितली नव्हती. तिथून गाव चालत अर्ध्या तासावर. पहिल्या तुकड्यात डांबरी रस्त्यावर कोणीतरी धान वाळत घातले होते आणि कडेने दगड मांडले होते. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा जाणाऱ्यांचा. नागपुरात गती कमी करण्यासाठी आम्ही पालिकेकडे किती खेटे घातले! इथे एका म्हातारीने चार धोंडे ठेवून काम केले होते, आणि वर झाडू घेऊन ती कोंबड्या हाकत बसली होती.

पुढे जंगल लागले. मी जरा आत गेलो असेन तोच मोटारसायकलवरून दोघे आले आणि करकचून थांबले.

"ओ सर! एकटे कुठी चालले?"

मी गावाचे नाव सांगितले.

"पायी? मराचं हाये काय? वाघ हाये न इथी!"

"दिवसा?"

"त्याच्याजवळ घड्याळ हाये काय?" मागे बसलेला म्हणाला. "कोणाच्या घरी जाऊन राह्यले?"

मी मामाजींचे नाव सांगितले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"अरे बाप्पा! म्हंजे तुमी सुमीबाईचे... गावचे जावई! गावचा जावई वाघानं नेला त आमी कोणाले तोंड दाखवाचं? बसा मधात."

मला चालायचे होते. किती दिवसांनी चांगला रस्ता मिळाला होता. मी तसे म्हटल्यावर मागचा उतरला आणि माझ्याबरोबर मोठमोठ्याने बोलत चालू लागला, आणि दुसरा पहिल्या गिअरमध्ये आमच्या मागे गाडी घुरघुरवत राहिला. इथे कोणी एकटे चालत नाही. चाललेच तर बोलत चालतात. माणसांनी पायी चालावे असे आयुष्यभर म्हणत आलो, त्यात वाघाचा विचार मी कधी केला नव्हता.

एका वळणावर माझा सोबती गप्प झाला. कडेच्या झुडपाची फांदी मोडली आणि रस्त्यालगतच्या ढिगावर टाकली. सुकलेल्या, अर्धसुकलेल्या, ताज्या फांद्यांचा तो ढीग कमरेइतका होता. गाडीवाल्यानेही पाय टेकवून एक टाकली.

"सरपणाले गेली होती आमच्या गावची एक बाई," सोबती म्हणाला. "इथंच सापडली. इथून जाणाऱ्यानं फांदी टाकाची असते."

"किती दिवस?"

"दिवस कायचे जी? रस्ता हाये तोवर."

मी एक फांदी टाकली. नागपुरात सुमनला धडक बसली ती जागा आठवली. तिथे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक ऑटो उभा होता.

घर

गाडी अंगणात आंब्याखाली होती. पांढरी. वर ताडपत्री टाकलेली, पुढे पूजेचा झेंडूचा हार वाळून काळा पडलेला. तिच्याकडे पाठ करून मामाजी खाटेवर बसले होते. पाय सुजून घोट्याची हाडे दिसेनाशी झाली होती. बोलताना मधेच दम घ्यावा लागत होता.

"आले जावईबापू? येष्टीनं न?"

"हो मामाजी. एसटीनं."

"पाह्य रे दिल्या," ते खूश होऊन म्हणाले. "माणूस बोलल्या शब्दावर राह्यते."

संगीताने, म्हणजे दिलीपच्या बायकोने, माझ्यासाठी पोळ्या केल्या होत्या. आमच्याकडे पोळी आधी आणि भात शेवटी. इथे भाताशिवाय जेवण सुरू होत नाही आणि पोळी ही पाहुण्याची. मी भात मागितल्यावर तिला हायसे वाटले. लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, आणि चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेली सुकी मासोळी. मामाजींचे ताट वेगळे, बिनमिठाचे. पाण्याचीही त्यांना छोटी लोटीच. ते माझ्या ताटातल्या मासोळीकडे पाहत होते.

"पाहू नका बाबा," संगीता म्हणाली. "भाऊजीच्या पोटात दुखन."

"वास त घेऊ देशीन का नाई?"

जेवणानंतर दिलीप मला अंगणात घेऊन गेला. ताडपत्रीच्या कोपऱ्याशी चाळा करत म्हणाला, "काय ठरवलं?"

मला जे वाटते ते मी सांगितले. आजारी माणसाने गाडी घ्यावी हे उत्तर नव्हे. डायलिसिस सावलीत व्हायला हवी. बसची पायरी खाली यायला हवी, एवढी की म्हाताऱ्याने नुसता पाय पुढे टाकावा. गाडी ज्याला परवडते तो पोचणार, शेजारचा नाही पोचणार. तू स्वतःसाठी रस्ता काढलास, गावाचा तसाच राहिला.

त्याने सगळे ऐकून घेतले. सुमनताईने त्याला ऐकून घ्यायची सवय लावली होती.

"बरोबर हाये तुमचं," तो म्हणाला. "पण पायरी खाली येईस्तोवर बाबा राहीन काय?"

मी म्हणालो, उद्या मी त्यांच्याबरोबर एसटीने जातो. पाहू तरी.

गडचिरोली, बसने

फाट्यापर्यंत दिलीपने मोटारसायकलवर मामाजींना मध्ये बसवून, मागून मला धरायला लावून नेले. फांद्यांच्या ढिगापाशी मामाजींनी थांबायला लावले. दिलीपने तोडून दिलेली फांदी टाकली, मग निघालो.

बस भरलेली आली. खालची पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर होती. मी खालून आणि कंडक्टरने वरून ओढून त्यांना आत घेतले. धानकापणीहून परतणाऱ्या एका बाईने उठून जागा दिली. "बसा बाबाजी," म्हणाली, आणि स्वतः गाठोड्यावर टेकली. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल आला. पात्र निम्मे वाळूचे, त्यात टरबूज-खरबुजाच्या डांगरवाड्यांसाठी कोणी खड्डे घेत होते. मामाजी खिडकीला डोके लावून पाहत राहिले. "सवारी चांगली हाये येष्टीची," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

डायलिसिसच्या खोलीत मला आत येऊ दिले. हातातली फुगलेली नस, त्यातून जाणाऱ्या दोन नळ्या, यंत्राची एकसुरी घरघर. शेजारच्या खाटेवरचा एक तरुण शिक्षक एटापल्लीकडून येत होता. तो आदल्या दिवशीच निघतो, नातेवाइकाकडे उतरतो, असे त्याची बायको म्हणाली. मी खोलीतून बाहेर, बाहेरून आत करत राहिलो. शेवटी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "तुमी एका जागी बसा बरं काका, यांचं बीपी तुमच्याकडं पाहूनच वाढून राह्यलं."

परतीच्या वेळी खरे कळले. यंत्रावरून उठल्यावर माणसातला जीव निघून गेलेला असतो. स्टँडवर बस लागेना. बाकावर जागा नव्हती. मामाजींच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि ते तिथेच फलाटाच्या फरशीवर दुपट्टा टाकून आडवे झाले. लोक त्यांना वळसा घालून जात होते. एक बस आली, भरली, गेली. मी त्यांचे पाय चोळत बसलो. बऱ्याच दिवसांत मी पहिल्यांदा इतका वेळ एका जागी बसलो होतो.

"सुमी असती त भांडली असती कंडक्टरशी," ते डोळे मिटून म्हणाले.

"हो."

"तुमाले भांडता येत नाई."

तेही खरे होते.

पुन्हा गडचिरोली

पुढच्या डायलिसिसच्या सकाळी दिलीपने ताडपत्री काढली. मामाजी काठी टेकत अंगणात आले आणि फाट्याकडे तोंड करून उभे राहिले. मी कोणालाच काही सांगितले नव्हते. मागचे दार उघडले आणि आत बसलो. गाडीत बंद कापडाचा आणि कापराचा वास होता. मी हात मांडीखाली दाबून धरले.

मामाजींनी वळून पाहिले.

"उतरा जावईबापू."

"तुम्ही बसा मामाजी."

"उतरा म्हणतो न!" त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकले नव्हते. "तुमी बसले त तिचं का राहीन? तिच्या जागेवर कोणी फांदी टाकली काय नागपुरात? टाकते काय कोणी? आपुन बसत नाई, येवढंच हाये पोरीचं. तेबी मोडता?"

महिनेच्या महिने मी जे करत होतो त्याला तत्त्व म्हणत होतो. मामाजी त्याला काय म्हणत होते ते मला तेव्हा कळले, आणि गाडीतून उतरावे असेच वाटले. एक पाय मी बाहेर टाकलाही.

संगीता डबा घेऊन आली. ती कोणाची बाजू घेत नाही, घाईत असते.

"बाबा," ती म्हणाली, "त्या बाईच्या जागी तुमी फांदी टाकता का नाई?"

"टाकतो."

"टाकून मांगं फिरता?"

"मांगं काऊन फिरन? जाचं असते न."

"मंग?"

एवढेच म्हणून तिने डबा माझ्याशेजारी सीटवर ठेवला आणि चुलीवर काही उतू जात होते तिकडे गेली.

मामाजी उभे राहिले. दिलीप स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता, मागे वळायची त्याची हिंमत नव्हती. कोंबडी गाडीखालून या बाजूने त्या बाजूला गेली. मी बाहेरचा पाय आत घेतला आणि डबा उचलून पलीकडे सरकलो. मग काठी आधी आत आली, आणि काठीच्या मागून मामाजी. थोडे वाकावे लागले, चढायला लागले नाही. ते बसले आणि सीटच्या उंचीकडे जरा आश्चर्याने पाहिले.

"दिल्या, वळणावर थांबवजो."

वळणावर ते उतरले. दिलीपने दोन फांद्या तोडून दिल्या, कारण त्यांनी दोन मागितल्या. एक त्यांनी ढिगावर टाकली. दुसरी ढिगावर टाकली नाही. बाजूला, डांबराच्या कडेला मोकळी जागा होती तिथे वाकून ठेवली, आणि वाकलेलेच राहिले. दिलीप रडत होता. मी झुडपापाशी गेलो, एक डहाळी मोडली आणि त्यांच्या फांदीवर ठेवली. वाघाच्या जागी इतका वेळ थांबू नये, असे शेवटी मामाजीच म्हणाले.

तो प्रवास मला आवडला असे लिहिणार नाही. समोर बैल दिसला, सायकल दिसली, की माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "हळू," मी म्हणत होतो. थोड्या वेळाने पुन्हा, "हळू."

"भाऊजी," दिलीप म्हणाला, "याच्याहून हळू केली त गाडी मांगं जाईन."

मामाजी हसले. पुलावर आलो तेव्हा त्यांना झोप लागली होती.

येताना ते माझ्या मांडीवर डोके ठेवून पाय दुमडून झोपले होते. फलाटाची फरशी नव्हती, वळसा घालून जाणारे लोक नव्हते. व्याहाड गेल्यावर डोळे उघडून म्हणाले, "याले पायरीच नाई जी."

"बसही अशी करता येते मामाजी. खाली टेकलेली बस असते."

"येऊ द्या मंग," ते म्हणाले. "तीत बसू."

नागपूर

मी एसटीने परत आलो. माझी मते बदललेली नाहीत. दवाखाना माणसाजवळ यावा, बस जमिनीजवळ यावी, आणि मोटारीवाचून माणसाचे अडू नये, असे मला आजही वाटते, आणि ते मी संबंधितांना लिहीत असतो. एटापल्लीकडच्या त्या शिक्षकाला दिलीपच्या गाडीचा काही उपयोग नाही, हेही त्यात लिहितो. तो एक दिवस सोडला तर मी अजून गाडीत बसत नाही. पण कोणी विचारले तर त्याला आता तत्त्व म्हणत नाही.

मामाजी डायलिसिस चुकवत नाहीत. पायांची सूज कमी आहे. गडचिरोलीहून आल्यावर दिलीप मला फोन करतो, आठवड्यातून दोनदा. मामाजी जेवले, झोपले, एवढेच सांगतो. सुमनच्या माहेराकडून मला आता हा फोन येतो.